सिस्टरबाईंची फटफटी आणि डावी बाजू

सिस्टर मार्था उजवीकडे वळल्या आणि फटफटीसकट थेट कडब्याच्या गाडीत शिरल्या.

मी मागून सायकलवर येत होतो. सायकल टाकून धावत पुढे गेलो. पुढचं चाक कडब्यात रुतलं होतं, बाईंच्या केसांत पाचोळा अडकला होता, पण लागलं कुठेच नव्हतं. गाडीवान मात्र तापला होता.

"बाई, डाव्या हातानं जायाचं असते ना!"

"हाव ना भाऊ, मले मालूम हाय," बाई म्हणाल्या. "पण हात आयकत नाई."

गाडीवानाचा राग तिथेच संपला. गोऱ्या बाईच्या तोंडून असं वऱ्हाडी ऐकल्यावर कोण रागावणार?

दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीची ही गोष्ट. मी पोलीस खात्यात होतो. मोटार आणि मोटारसायकलच्या लायसन्ससाठी टेस्ट घेणं हे माझं काम. वाशीम भागात तेव्हा मोटारी मोजक्याच होत्या. लायसन्स मागायला बाई आलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

सिस्टर मार्था डेन्मार्कच्या. शिरपूरला त्यांचा छोटा दवाखाना होता. आसपासच्या गावांत बाळंतपणासाठी जायच्या, तेही बैलगाडीनं. मायदेशातल्या लोकांनी त्यांना फटफटी पाठवली. लायसन्सशिवाय ती चालवायची नाही, असा हुकूम आमच्या इंग्रज साहेबांनी काढला, म्हणून त्या माझ्यापुढे आल्या होत्या.

त्याच दिवशी सकाळी तोंडी परीक्षा झाली. मी इंग्रजीत प्रश्न वाचला. बाई म्हणाल्या, "मले इंग्रजी थोडंच येते. तुमी आपल्या बोलीत इचारा."

मी विचारलं, "समोरून बैलगाडी आली तर काय कराल?"

"मी कायले करू? फटफटीचा आवाज आयकून बैलच बाजूले होते."

"आणि म्हैस आली तर?"

"म्हशीले आपणच जागा द्या लागते."

नियमांच्या पुस्तकात हे नव्हतं, पण खोटंही नव्हतं. मी तोंडी परीक्षेत पास केलं. मैदानात त्यांनी इंग्रजी आठचा आकडा सुरेख काढला. मग रस्त्यावर आलो आणि कडब्याची गाडी समोर आली.

अडचण अशी होती. त्यांच्या देशात वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, आपल्याकडे डाव्या. रस्ता रिकामा असला की बाई डावीकडेच असत. समोर अचानक काही आलं की लहानपणापासूनची सवय हँडल उजवीकडे ओढायची. म्हणजे नेमकं समोरच्याच्या अंगावर. कडब्याच्या जागी मोटार असती तर?

मी नापासाचा रिपोर्ट लिहिला. साहेबांनी बोलावलं.

"तिला पास करा. परदेशी पाहुणी आहे. चांगलं काम करते."

"सर, समोरून येणाऱ्याला ते कसं कळणार?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. नोकरीचं काही खरं नाही, असं मला वाटलं. शेवटी त्यांनी नापासाच्या रिपोर्टवरच सही केली आणि मान न उचलता म्हणाले, "बाहेर बसली आहे. तुम्हीच सांगा तिला."

बाहेर बाई बाकावर बसल्या होत्या. त्या नापास झाल्याचं मी सांगितलं. मग हळूच म्हणाल्या, "मागच्या महिन्यात किन्हीराजा गावाले गेली. बैलगाडी पोचेपर्यंत बाळंतीण गेली होती. फटफटी असती तर ती वाचली असती."

मी म्हणालो, "बाई, उद्या तुम्हीच रस्त्यात पडलात तर पुढच्या बाळंतिणीकडे कोण जाईल?"

त्यांनी मान डोलावली. "मंग तुमीच सांगा, हाताले कसं शिकवू?"

मी म्हणालो, मागे कुणाला तरी बसवा आणि दवाखान्याच्या आवारात सराव करा. आवारात लायसन्स लागत नाही.

त्यांच्यासोबत गीताबाई नावाची सुईण असे. पन्नाशीची, धिप्पाड, आवाज खणखणीत. ती मागे बसायला लागली. दवाखान्यात आलेले नातेवाईक रिकामी गाडी, कोंबड्यांचं डालं, बकरी, जे हाताशी येईल ते अचानक पुढे आणत. बाई उजवीकडे कलल्या की गीताबाई त्यांच्या डाव्या खांद्यावर थाप मारून ओरडायची, "इकडं वं माय, इकडं!" शिरपूरच्या देवळात आलेली माणसं दर्शन आटोपून हा तमाशा पाहायला थांबत, असं मला कुणीतरी सांगितलं.

पुढची टेस्ट मी मुद्दाम शिरपूरजवळच्या मालेगावला, बाजाराच्या दिवशी ठेवली. गीताबाईला खाली उतरवलं.

"येकटीच जाईन?" बाईंनी विचारलं.

"एकट्याच."

गर्दीतून त्या संथ निघाल्या. गाड्या, टोपल्या, शेळ्या. सगळं ठीक चाललं होतं. तेवढ्यात मिरच्यांच्या ढिगावरून हाकललेला एक वळू वळणावरून सुसाट समोर आला. लोक पांगले. बाईंनी हँडल डावीकडे घेतलं, ब्रेक लावला आणि पाय टेकून उभ्या राहिल्या. वळू उजवीकडून निघून गेला.

गीताबाई माझ्याच पाठीवर थाप मारून ओरडली, "पाह्यलं का साहेब? पोरगी शिकली!"

बाई परत आल्या तेव्हा चेहरा फुलला होता. "आता हात आयकते," म्हणाल्या.

मी तिथेच पासचा शेरा लिहिला. साहेबांनी लायसन्सवर लगेच सही केली, वर म्हणाले, "आता तिला नापास करायला कुणाची हिंमत आहे?" पुढे बऱ्याच वर्षांनी त्या मायदेशी परतल्या. तोवर त्यांच्या फटफटीचा एकही अपघात माझ्या टेबलावर आला नाही.

माझ्या हाताखाली नवीन तपासनीस आले की मी त्यांना एवढंच सांगायचो: मैदानातला आकडा बघून सही करू नका. टेस्ट बाजाराच्या दिवशी घ्या. आणि स्वतः थोडं लांबच उभे राहा.