बटनामागचा हिरवा तुकडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर मुळीच नाही. मन हलकं करायला सांगतोय असं समजू नका. मन हलकं व्हावं असं मी काही केलेलं नाही. मला संताप आलाय — म्हणून सांगतोय.

परवा बिदरच्या एका प्रशिक्षण केंद्रात मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. कारखान्यातली मशिनं ज्या छोट्या संगणकावर चालतात तो पीएलसी. त्याची जोडणी आणि त्याला हुकूम द्यायची रीत मी तिथं कितीतरी वर्षं इलेक्ट्रिशियन लोकांना शिकवली. आताचा शिक्षक माझाच विद्यार्थी. त्यानं मला शाल घातली आणि वर्गाकडं वळून म्हणाला, "सरांकडं ध्यान न्हाई दिलं की काय होतंय? औरादच्या नागनाथला इचारा!" वर्ग हसला. गोष्ट सगळ्यांना पाठ होती — नागनाथ म्हणजे तो निष्काळजी माणूस, ज्याच्यामुळं एका बाईचा हात गेला.

आणि मी? मी शाल सावरत बसलो.

नागनाथ औरादकडचा. घरी थोडी शेती, थोडी मेंढरं. गुलबर्ग्याच्या वाटेवरच्या एका डाळमिलमध्ये मोटारी दुरुस्त करायचा. मिलमध्ये नवीन मशिनं आली तेव्हा मालकानं त्याला माझ्याकडं शिकायला पाठवलं. हुशार म्हणावा असा नव्हता, पण हात लावल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. "सर, ही डबी आमच्या घरच्या खोंडापरीस बरी," पीएलसीवर हात ठेवून म्हणायचा. "सांगितल्याबगर काईच करत न्हाई." मीही हसायचो. सांगणारा चुकला तर काय, हे तेव्हा दोघांपैकी कुणी बोललं नाही.

आता त्या बटनाचं सांगतो. पुढचं सगळं त्यावरच आहे.

मशीन थांबवायचं बटन दोन तऱ्हेचं असतं. एकातून वीज कायम वाहत असते, दाबलं की ती तुटते आणि मशीन थांबतं. त्याची वायर कुठं तुटली तरी मशीन आपोआप थांबतं. दुसऱ्याचं उलट — दाबल्यावरच वीज वाहते. वायर तुटली तर ते कितीही दाबा, मशीन चालतच राहतं. म्हणून थांबवायला नेहमी पहिलंच बटन वापरायचं. या धंद्यातली ही पहिली अक्कल. मला ती नव्हती का? साखर कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस मी!

पण पहिल्या बटनाची एक कटकट असते. खाली जोडणी एका तऱ्हेची, आणि वर संगणकाच्या पडद्यावर तिची खूण उलटी काढावी लागते. लोक गोंधळायचे. "सर, खाली बंद आन् वर उघडं कामून?" रोज तेच. परीक्षेत तिथंच अडकायचे. केंद्राचे चालक चिडायचे — सोपं करा, कुणी नापास होता कामा नये. मग मी सोपं केलं. शिकवायच्या संचातल्या थांबवायच्या बटनांमागचे, दाबल्यावर वीज तोडणारे लाल तुकडे काढले आणि चालू करायच्या बटनाला असतात तसे, दाबल्यावर वीज जोडणारे हिरवे बसवले. आता खाली जे, तेच वर. लोक पास व्हायला लागले. माझं कौतुक झालं. खऱ्या मशिनाला असं कधी जोडू नका — हे एक वाक्य तरी मी बोललो का? नाही. ते बोललो असतो तर पुन्हा तोच गोंधळ, पुन्हा तेच प्रश्न. मला कंटाळा आला होता — त्याला दुसरं नाव नाही.

नागनाथनं मिलमधला डाळ वाहून नेणारा सरकता पट्टा तसाच जोडला. बरेच दिवस नीट चालला. डाळमिल म्हटली की उंदीर आलेच — एके दिवशी पट्टा चालू असतानाच त्यांनी थांबवायच्या बटनाची वायर कुरतडली. मशीन चालू होतं, कुणाला कळायचं कारण नव्हतं. पट्ट्याखाली सांडलेली डाळ झाडणाऱ्या शांताक्काचा हात रोलरमध्ये सापडला तेव्हा नागनाथच धावला. बटन दाबलं. पुन्हा दाबलं. मुठीनं मारलं. शेवटी पळत जाऊन मेन स्विच ओढला. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मालक त्याला घेऊन थेट माझ्याकडं आला. नागनाथच्या सदऱ्यावर अजून डाळीचा भुगा होता. तो म्हणाला, "सर, तुमीच सांगा यांना. असंच शिकिवलाव की तुमी?"

संच शेजारच्या खोलीत होता. दार उघडं होतं. पाहिलं असतं तर दिसलं असतं.

मी म्हणालो, "वर्गात लक्ष कुठं होतं रे तुझं?"

मालक म्हणाला, "ऐकलास? गुरूच सांगायलेत."

नागनाथनं सदऱ्यावरचा भुगा झटकला. मग खाली बघून म्हणाला, "व्हय सर. माझंच ध्यान नसंल."

कामून रे? कामून मान्य केलंस? मला दोन शिव्या का घातल्या नाहीस? किती वर्षं मी त्याच्यावरच असा चिडत आलो — बघा, किती सोयीचं! ज्यानं गुरू म्हणून माझा शब्द खरा मानला, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं मानलं, त्याच्यावरच राग!

ते गेल्यावर मी दार लावलं आणि सगळे हिरवे तुकडे काढून परत लाल बसवले. पुढच्या वर्गापासून बरोबर शिकवलं. आणि उदाहरण म्हणून नागनाथचं नाव घ्यायला मीच सुरुवात केली. परवाचा तो शिक्षक ते माझ्याकडूनच शिकला.

नागनाथची नोकरी गेली. पुढं कुणी त्याला मशिनाला हात लावू दिला नाही. शांताक्का एका हातानं संसार करते. भेटेल त्याला सांगते, नागनाथनं माझा हात घालवला.

नागनाथनं नाही. वर्गात त्याचं लक्ष होतं. मी दाखवलं तसंच, तंतोतंत त्यानं जोडलं. आणि मी जे दाखवत होतो ते चूक आहे, हे दाखवताना मला ठाऊक होतं.