चुलत भावाचा वकील

धाकट्या चुलत भावाच्या घराची वाट माझ्या आवारातून जाते. त्याने मला न विचारता ती रुंद केली, म्हणून मी तिच्यावर चिऱ्यांचा आडवा गडगाच घातला. तो कोर्टात गेला. कोर्टाने आम्हाला मध्यस्थ बाईंकडे पाठवलं.

बाई निकाल देत नाहीत, नुसतं विचारतात, हे कळल्यावर मी भडकलो. "मग इथे काय माशा मारता?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "आता एकमेकांची बाजू मांडा. तुम्ही त्यांची, ते तुमची."

वाद कसा घालतात ते याला एकदा दाखवावंच, म्हणून मी सुरू झालो. त्याची आई, म्हणजे माझी म्हातारी काकू, तिचे गुडघे, दारापर्यंत न पोचणारी रिक्षा... असा रंगलो की तसं त्याच्या वकिलाला कधी जमलं नसतं. शेवटी मलाच पटलं.

मग भाऊ खाली बघत म्हणाला, "दादाला आधी विचारायला हवं होतं. तेवढंच त्याला लागलंय."

माझ्या वकिलाच्या एकाही कागदात हे नव्हतं.

गडगा आम्ही दोघांनी मिळून पाडला. आता तो म्हणतो, "दादा, चिरे तुझे, तूच ने." मी म्हणतो, "तुझ्या पडवीला लागतील, तू ने." आणि काकूची रिक्षा अजून चिऱ्यांपाशीच थांबते.