ब्रामरबाईंचा दमलेला इलेक्ट्रॉन

जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये खोल्या भाड्याने देणाऱ्या बायकांनी पदार्थविज्ञानवाल्या पोरांची उष्टी काढावीत, त्यांचं विज्ञान शिकायला जाऊ नये. आल्विना ब्रामरबाईंना मात्र ती अवदसा आठवली. बाई विधवा, लेक एकुलती. हेर्टाचं लग्न राइनहोल्डशी ठरलं होतं आणि तो पदार्थविज्ञानाचा डॉक्टर झाला की दोघं हॅम्बुर्गला जाणार होती. बाईंना सोबत न्यायचं की नाही, ते अजून अधांतरी होतं.

"आई, तिकडे आमच्याकडे येणारी माणसं सगळी शास्त्रातली," हेर्टा म्हणाली होती. "तू त्यांच्यात बसून बोलणार कशावर? बटाट्यांवर?"

म्हणून बाईंनी भाडेकरू एगबर्टला गाठलं. दुपारी जेवता जेवता तो शिकवायचा आणि त्याच्या ताटात सॉसेजचा मोठा तुकडा पडायचा.

"अणूतला इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या एका पायरीवरून दुसरीवर जातो, पण मधे कुठेच नसतो," तो म्हणाला.

"काहीतरीच! दाराशी जायचं तर खोली ओलांडावीच लागते."

"त्याला नाही लागत, बाई. आणि तो कुठे आहे हे नेमकं धरलंत, तर त्याचा वेग हातचा जातो."

बाईंचं डोकं भणाणलं. तो चेहरा बघून एगबर्टला चेव आला आणि एके दिवशी त्याने तोंड गंभीर करून पुडी सोडली: "संध्याकाळी इलेक्ट्रॉन दमतात. मग खालच्या पायरीवर येऊन बसतात."

बाई एकदम खुलल्या. सगळ्या शास्त्रात त्यांना पटलेलं हे पहिलंच वाक्य. खरं जर थापेपेक्षा अचाट असेल, तर साध्या माणसाने ओळखावं तरी कशावरून? एगबर्टने काही खुलासा केला नाही. सॉसेज चालू होतं.

राइनहोल्ड पास झाला. मित्रांनी त्याला हातगाडीत घालून चौकात नेलं, रिवाजाप्रमाणे कारंज्यावरच्या हंस राखणाऱ्या पोरीच्या पुतळ्याचा मुका घ्यायला लावला आणि सगळी वरात बाईंकडे जेवायला आली. तांबडा कोबी आणि मांस वाढून झाल्यावर बाई एप्रन काढून टेबलाशी बसल्या. स्वतःच्याच टेबलाशी, पहिल्यांदा.

"वरच्या पायरीवरचा इलेक्ट्रॉन नेमका कधी खाली येणार, हे कुणालाच सांगता येत नाही," राइनहोल्ड म्हणाला.

"संध्याकाळी," बाई म्हणाल्या. "दिवसभर दमतो बिचारा."

हसण्याने टेबल हादरलं. एगबर्टने रुमालात तोंड खुपसलं.

"आणि रविवारी सुट्टी असते का त्यांना, बाई?" कुणीतरी विचारलं.

माणसं आपल्याशी बोलतायत, या आनंदात बाई म्हणाल्या, "ते अजून आमचं शिकून झालं नाही."

मग हसणं थांबेचना. आता बाईंना उमगलं. त्यांनी आशेने लेकीकडे पाहिलं. हेर्टा सगळ्यांत मोठ्याने हसत होती आणि आपण हसतोय हे राइनहोल्ड बघतोय ना, ते डोळ्याच्या कोपऱ्यातून तपासत होती.

थोड्या वेळाने ती स्वयंपाकघरात आली. "राइनहोल्ड म्हणतो, तू फार गोड आहेस."

"मग सामान कधी बांधू?"

हेर्टाने उष्ट्या ताटांची चळत आईच्या हातात दिली.

"तू इथेच बरी आहेस, आई. कॉफी आण लवकर, सगळे खोळंबलेत."