गुलाबी झालेलं तेल

गॅरेजच्या गल्लीत त्याला तोंडावर मिस्त्री म्हणत आणि पाठीमागे शंकासूर. नव्या सीलबंद डब्यातलं तेलही तो बोटांवर चोळून, हुंगून मगच ओतायचा. घरी चहाच्या कपात डोकावायचा, तेव्हा बायको म्हणायची, "विष नाही, साखर घातलीय. प्या."

त्या सोमवारी त्याचा जावईच ट्रक घेऊन आला. ऑटोमॅटिक गिअरचा ट्रक, एका माल वाहतूकवाल्याचा. जावई त्यावर ड्रायव्हर होता.

"मामा, चढावर इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी जागची हलत नाही."

मिस्त्रीने गिअरबॉक्सची तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली. लालभडक असायला हवं ते तेल स्ट्रॉबेरीच्या दुधासारखं गुलाबी आणि फेसाळ झालं होतं. आत पाणी गेलं होतं.

"पाण्यात कुठे घातलीत?"

"कुठेच नाही."

"गेल्या आठवड्यात पुलावरून पाणी वाहत होतं. तुमचा रस्ता तोच ना?"

"मी अलीकडेच थांबलो होतो, सहा तास. तुमच्या लेकीला विचारा, फोनवर होतो तिच्याशी."

लेक नवऱ्याचीच बाजू घेणार, हे मिस्त्रीने गृहीत धरलं. टॉर्च घेऊन तो ट्रकखाली शिरला. जावई बाजूला उभा राहून त्याच्या फक्त चपला बघत होता.

तेवढ्यात ट्रकचा मालक आला. "मिस्त्री, स्पष्ट बोलतो. याने गाडी पाण्यात घातली असेल तर उद्यापासून याला घरी बसवणार. आणि तुम्ही सासरे आहात, म्हणून तुमच्या शब्दावर माझा भरवसा नाही."

"माझाही नाही," ट्रकखालून आवाज आला.

मिस्त्री खुणा शोधत होता. केबिनमधली चटई उचलली, खाली कोरडी धूळ होती. एअर फिल्टर कोरडा. मागच्या ॲक्सलचं तेल काढलं, ते मधासारखं स्वच्छ निघालं. गाडी पुरात गेली असती तर तिथे आधी पाणी शिरलं असतं. जावयाने सगळं धुऊन पुसून आणलं असेल, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. पण ॲक्सलच्या आतून कोण पुसणार?

मग त्याने रेडिएटरचं झाकण उघडलं. पाण्यावर लाल तवंग होता.

मिस्त्री तिथेच स्टुलावर बसला. गिअरबॉक्सचं तेल थंड होण्यासाठी रेडिएटरच्या पोटातल्या नळीतून फिरतं. ती नळी फुटली होती, तेल पाण्यात आणि पाणी तेलात जात होतं. आणि हा रेडिएटर चार महिन्यांपूर्वी त्यानेच बसवला होता. नळीत हवा भरून, रेडिएटर हौदात बुडवून बुडबुडे बघायचे, हा त्याचाच नियम. पण त्या दिवशी मालकाची घाई होती आणि खोक्यावर 'तपासलेला' असा शिक्का होता. आयुष्यात एकदाच त्याने कोणावर तरी विश्वास टाकला, तोही शिक्क्यावर.

गप्प बसणं सोपं होतं. जावयाने फक्त नोकरी गमावली असती.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "न तपासता बसवला."

मालकाने डोळे बारीक केले. "जावयाला वाचवताय?"

"या, वाकून बघा." मिस्त्रीने रेडिएटर काढला, आतल्या नळीत हवा भरली आणि तो हौदात बुडवला. बुडबुड्यांची रांग वर आली. मालक सरळ झाला. "गाडी दुरुस्त करून द्या. पुढच्या वेळी मी दुसरीकडे जाईन," एवढंच म्हणाला.

गिअरबॉक्स उघडला, तेव्हा क्लच प्लेटांवरचं अस्तर ओल्या कागदासारखं सुटून आलं. सगळ्या प्लेटा बदलाव्या लागल्या, इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टरही. आठ दिवस लागले. या आठ दिवसांत जावई रोज यायचा, पण बोलायचा मात्र मोजकंच. पाचव्या दिवशी मिस्त्री हात पुसत म्हणाला, "जावईबापू, तुमच्यावर उगाच संशय घेतला."

"तुमचा स्वभावच तो, मामा. पण घरी तुमची लेक रडली, त्याचं काय?"

त्या संध्याकाळी मिस्त्री लेकीकडे गेला. तिने चहा पुढे केला. त्याने तो तसाच, न बघता प्यायला. जीभ भाजली तरी कप खाली ठेवला नाही. लेकीने ते पाहिलं, पण हसली नाही.

नवव्या दिवशी जावयाने ट्रक चढावर घेतला, मिस्त्री शेजारी बसला. गिअर लोण्यासारखे बदलत होते.

"झालं ना, मामा?"

"शंभर किलोमीटर चालवा," मिस्त्री खिडकीबाहेर कान देत म्हणाला. "मग तेल परत काढून बघू."