मालकाची मूठ

आमच्या रानाच्या कागदावर पाच मालकांची नावं चढली नि उतरली, पण ते रान खरं म्हणजे आबांचंच होतं. आणि एवढी उघड गोष्ट साऱ्या वडूज भागात एकट्या आबांनाच पटत नव्हती! वडील लढाईवरून लंगडत परतले आणि साठवलेल्या पगारातून त्यांनी ते रान घेतलं, तेव्हा विहीर, दोन बाभळी आणि हा वाटेकरी म्हातारा असं सगळं रानाबरोबरच आमच्याकडे आलं. पहिले इनामदार, मग साताऱ्याचे वकील, मग मुंबईच्या गिरणीतले मुकादम, चौथे आम्ही. आबांनी जुन्या मालकांची नावं रानाच्या तुकड्यांना देऊन टाकली होती. "वकीलसायबात लय हराळी माजलीया," असं ते म्हणाले की नवखा माणूस दचकायचा.

त्यांचं एक खूळ मात्र भारी होतं. शाळू पेरताना पाभरीच्या चाड्यात, त्या बी सोडायच्या लाकडी वाडग्यात, बियाण्याची पहिली मूठ मालकाचीच पडली पाहिजे! वकिलांना कोर्टातून सवड होईना, तर या गृहस्थांनी त्यांचं पोस्टकार्ड चाड्याला टेकवून पेर केली. मुकादमांची एक जुनी टोपी खास त्यासाठी खुंटीला असायची. वडील एकदा वैतागले. "आबा, चाळीस वर्षं राबताय, घाला की तुमचीच मूठ!"

"आवं मालक, काय बोलताय? म्या कोन?" म्हणत आबांनी चोरी पकडल्यासारखे हात पाठीमागे नेले.

पुढं वडील गेले. मी सांगलीला नोकरीत, म्हणून रान विकलं. कुठून ती बुद्धी झाली! त्या साली हस्ताचा पाऊस झाला, वाफसा आला, शेजारी पेरून मोकळे झाले. पाचव्या मालकाचा मात्र पत्ता नाही. ना त्याची टोपी, ना पोस्टकार्ड. आबा बियाणं मांडीवर घेऊन आठ दिवस बांधावर बसून राहिले. ओल उडाली, रान पडीक पडलं, आणि मालक उगवला तो आबांना हाकलायलाच.

मी भेटायला गेलो तेव्हा ते लेकीच्या घरी अंथरुणाला खिळले होते.

"धाकलं मालक, पेर झाली का वं?"

"झाली," मी खोटंच बोललो.

"मूठ कुनाची?"

"तुमची, आबा."

"म्हाताऱ्याला फशिवता व्हय?" म्हणाले, पण रागावले नाहीत. वाकळेतून उजवा हात बाहेर काढला, मूठ मिटली आणि दाणे सोडावेत तशी हळूहळू सैल केली.

"माझ्या हातानं बी उगवलं आसतं, न्हवं?"

मी मान डोलावली.