शून्यावर थिजलेला आकडा

कारखान्यात त्यांना सगळे नाकवाले म्हणत. घरी दूध करपलं तरी यांना पत्ता नसतो, हे बायको चारचौघांत सांगायची. पण बॅटऱ्या चार्ज होतात त्या खोलीतला वायू ओळखणं हेच त्यांचं काम. चार्जिंगमध्ये सुटणाऱ्या हायड्रोजनला वासच नसतो, त्यामुळे नाक नसलं तरी चालत होतं. भिंतीवरच्या यंत्रात पॅलेडियमची पातळ पट्टी होती. तिच्यावर हायड्रोजन येऊन बसला की धातूतल्या इलेक्ट्रॉनांची वाट अडते आणि आकडा चढतो. त्या पट्टीवर त्यांचा स्वतःपेक्षा जास्त भरवसा.

त्या दिवशी साचलेला वायू बाहेर फेकणारा छताचा पंखा बंद पडला. दुरुस्तीला आला त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. पंख्याचा गंजलेला कंस ग्राइंडरने कापायचा, म्हणजे ठिणग्या उडणारच, आणि हायड्रोजन साचला असेल तर स्फोट.

“भाऊजी, कापू ना?”

“शून्य आहे. काप बिनधास्त.”

मेहुणा कानांत आवाज अडवणारे बोळे घालून शिडीवर गेला. नाकवाले बाहेर निघाले. दार आवाज न करता उघडलं आणि ते उंबऱ्यातच थबकले. बिजागरी फार करकरते म्हणून सकाळी त्यांनीच तिच्यावर सिलिकॉनचा फवारा मारला होता, यंत्राच्या अगदी शेजारी. त्यांनी वळून पाहिलं. एरवी दार उघडलं तरी जरासा थरथरणारा आकडा ढिम्म होता. फवाऱ्याची वाफ पट्टीवर ठाण मांडून बसली असणार. आगंतुकांनीच जागा अडवल्यावर हायड्रोजनने टेकायचं कुठे, आणि आतल्या इलेक्ट्रॉनांना वार्ता मिळायची कशी?

त्यांनी हाक मारली. मेहुण्याला ऐकू जाईना. त्याचं बोट ग्राइंडरच्या बटणाकडे निघालं होतं.

शिडीपर्यंत पोचणं शक्य नव्हतं. नाकवाले बोळात धावले आणि मेन स्विच खाली ओढला.

“लाइट कुणी घालवली?” आतून मेहुणा खेकसला.

“मी. काही न चालवता खाली ये.”

कपाटातलं जादाचं सीलबंद यंत्र आणून त्यांनी काठीने छताशी धरलं, हलका हायड्रोजन साचतो तिथे. आकडा सरसर चढला. मेहुणा बघतच राहिला.

“तुम्ही तर शून्य म्हणालात.”

“चुकलो. फवारा मीच मारला होता, आणि यंत्र तपासायचं मीच टाळलं.”

मेहुणा अजूनही बोलावलं की येतो. पण आता तो आधी तपासणीचा वायू यंत्रावर स्वतः सोडतो, आकडा हलला की मगच शिडी चढतो. भाऊजींना विचारत नाही. नाकवाल्यांना ते फार लागतं, आणि त्याने कधी विचारू नये असंही वाटतं.