केदारवालीचे पाय

मुलांनो, तुमच्या फोटोतला बर्फ पाहिला की गोंदियाजवळच्या आमच्या खेड्यातली शेजारीण आठवते. इंग्रजांच्या काळात ती केदारनाथच्या यात्रेला गेली होती, म्हणून सारं गाव तिला केदारवाली म्हणे. कोणी नमस्काराला वाकलं की ती पाय लुगड्यात ओढून घेई.

“पाया पडू नोको वो माय. वाटेवर बरफ होता. पाय घसरला, मले भेव लागला. मी अर्ध्यातूनच वापस आली.”

“पाहा, बाईले जरासा गर्व नाही,” म्हणत बाया आणखी वाकत. मीही वाकले होते. तिची मान खाली जाई.

धानाच्या रोवण्यात मात्र ती मोकळी हसे. बांधीतल्या चिखलात पोटऱ्यांपर्यंत रुतलेल्या पायांना कोणाला हात लावता येत नसे.